पहिले सिझर, दुसरे बाळंतपण आणि एक कागद



“पहिले सिझर झाले, आता दुसरेही सिझरच का हो?” शिवारात ऊसनोंदीला गेलो की हा प्रश्न आम्हांस हमखास ऐकू येतो. आम्ही डॉक्टर नव्हे, पण समजून घेतले ते सांगतो.

पूर्वी गर्भाशयावर उभा छेद घेत; आता बहुधा खालच्या भागात आडवा घेतात. असा एकच छेद असला, तर प्रयत्न करणाऱ्या शंभरांतल्या सुमारे ७२ ते ७५ जणी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. आधी एखादे बाळंतपण तसे झाले असेल तर शक्यता वाढते. पहिल्या वेळी मूल अडले असेल, वजन फार असेल, कळा औषधाने आणाव्या लागल्या, तर घटते.

जुना व्रण आत उकलण्याचा धोका दोनशेंत एखादीला. पण तो जिवावरचा. म्हणून रक्ताची व तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय असलेलेच रुग्णालय गाठावे. दोन बाळंतपणांत किमान दोन वर्षे अंतर राखावे.

पोटावरच्या टाक्यावरून आतला छेद कळत नाही. तो शस्त्रक्रियेच्या कागदावर असतो, आणि पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून कागदही तिकडेच! तो आजच मागवा, नोंदीच्या पावतीसारखा जपा. पुढचे सूनबाई आणि डॉक्टर मिळून ठरवतील.