"आत्ता विकतो, नंतर सुधारतो": अर्धवट गेम बाजारात आणल्यावर काय होतं?



मागच्या व्हिडिओनंतर पोखर्णीहून एका तरुणाचा फोन आला. ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा करून पाकिटात विकायचाय. चव झकास आहे, शेजारपाजारचे परत मागतात. अडचण एकच, दहातल्या एक-दोन पाकिटांचं सील धरत नाही. हवा जाते आणि चिवडा मऊ पडतो. तो म्हणाला, "सर, नृसिंह जयंतीची गर्दी हुकली तर पुन्हा वर्षभर थांबायचं. आत्ता विकतो, सील नंतर सुधारतो. चालेल ना?"

हे वाक्य मी आधी एका वेगळ्याच धंद्यात ऐकलंय. व्हिडिओ गेमच्या. तिथे "नंतर सुधारतो" याला 'पॅच' म्हणतात. गेममध्ये चुका, म्हणजे बग, राहिले तरी तो विकायचा आणि दुरुस्ती इंटरनेटवरून पाठवायची.

पूर्वी ही सोय नव्हती. १९८२ मध्ये अटारी कंपनीला नाताळच्या आत 'ई.टी.' हा गेम दुकानात हवा होता, म्हणून तो जेमतेम पाच आठवड्यांत बनवला. त्या काळी गेम कार्ट्रिजमध्ये यायचा, एकदा विकला की विकला. ढिगाने माल पडून राहिला आणि शेवटी अमेरिकेच्या वाळवंटात पुरला. २०१४ मध्ये खोदलं तेव्हा ती कार्ट्रिज खरोखर सापडली!

पॅच आल्यावर कंपन्यांना वाटलं, आता भीती नाही. मग डिसेंबर २०२० उजाडला. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 'सायबरपंक २०७७' आणला. तारीख तीनदा पुढे ढकलून झाली होती, ८० लाख लोकांनी आगाऊ बुकिंग केलं होतं. आधी परीक्षण लिहिणाऱ्यांना फक्त कॉम्प्युटरवरची कॉपी दिली. जुन्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर गेम अडखळत होता, मध्येच बंद पडत होता, ते लोकांना पैसे भरल्यावर कळलं.

आता गंमत बघा. विक्री झाली नाही असं नाही. पहिल्या दहा दिवसांत १ कोटी ३० लाख कॉपी गेल्या. तरी कंपनीचा शेअर कोसळला. सोनीने आठवड्याभरात गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, पैसे परत द्यायला सुरुवात केली, आणि तो पुन्हा ठेवला जून २०२१ मध्ये. गुंतवणूकदार कोर्टात गेले, साडेअठरा लाख डॉलरवर तडजोड झाली. नाव पुन्हा सावरलं ते सप्टेंबर २०२३ मधल्या मोठ्या अपडेटनंतर. पावणेतीन वर्षं! त्या काळात कंपनीची बरीच ताकद जुनंच निस्तरण्यात गेली.

पॅचने गेम दुरुस्त होतो, पहिल्या आठवड्यातलं लोकांचं मत होत नाही. आणि हे एका कंपनीपुरतं राहत नाही. गिऱ्हाईक शहाणं होतं: "सहा महिने थांबू, दुरुस्तही होईल आणि स्वस्तही." यात मोठी कंपनी तग धरते. मरतो तो पाच माणसांचा छोटा स्टुडिओ, ज्याचं पोट पूर्ण किमतीच्या पहिल्या विक्रीवर आहे. चूक त्याची नसतेच.

मग थांबणं फुकट असतं का? नाही. आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' नव्याने करायचं काम होतं. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर दाखवला, २१ जानेवारी २०२१ ही तारीखही दिली. लोकांनी चित्रं जुनाट म्हणून नावं ठेवली. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत, आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडाच्या माँट्रिअल स्टुडिओकडे गेलं. इथल्या टीमच्या हातून केवढी मोठी संधी गेली! तरी मला वाटतं, तसाच विकला असता तर जास्त महागात पडलं असतं. याच युबिसॉफ्टने २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी' बगसकट विकला होता. नंतर माफी मागावी लागली, भरपाई म्हणून त्याच गेमचा जोडभाग फुकट द्यावा लागला. माझी तक्रार तारखेबद्दल आहे. माल दाखवण्याजोगा झाला नव्हता, तर तारीख जाहीर करायची घाई कशाला?

तिसरा रस्ताही आहे, आणि आपल्यासारख्यांना तोच परवडतो. त्याला 'अर्ली अ‍ॅक्सेस' म्हणतात. गेम अर्धा आहे हे आधीच सांगून विकायचा, लोकांच्या सूचना घेत पूर्ण करायचा. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० पासून असा विकला, पूर्ण झाला ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि त्या वर्षीचे मोठे पुरस्कार घेऊन गेला.

पोखर्णीच्या मित्राला मी हेच सांगितलं. गर्दी सोडू नकोस, पण पाकीट आणू नकोस. ताजा चिवडा मोकळा, वजनावर, कागदाच्या पुडीत दे. "पाकिटं पुढच्या महिन्यात येतील" असं तोंडाने सांग, ज्यांना हवीत त्यांचे नंबर लिहून घे. तुझं नाव छापलेलं मऊ चिवड्याचं पाकीट एकदा कुणाच्या घरी गेलं, तर त्याला पॅच कुठून पाठवणार?

तो म्हणाला, "सील पक्कं झालंय हे कळणार कसं?" सोपं आहे. बादलीभर पाण्यात पाकीट बुडवून हलकं दाबायचं. बुडबुडे आले की सील गळतंय. मशीनचं तापमान आणि दाबायचा वेळ थोडा थोडा बदलत जायचं, आणि सलग शंभर पाकिटं बुडबुड्याशिवाय निघाली की मग लेबल छापायला टाकायचं.