गुरांचा माग आणि काळें पाणी

राजगडाच्या पायथ्याचें गुंजवणें व त्याभोंवतालचें भोर-वेल्हें येथील मावळ यांतील दप्तरें चाळतांना संग्राहकांची दृष्टि सनदा व महजर यांवर खिळते. ढोरचोरीचे कागद क्षुल्लक समजून बाजूस पडतात. आमच्या मतें ही मोठीच हानि होय.

पेशवाईंत गुरूं चोरीस गेलें म्हणजे गांवच्या जागल्यानें खुरांचा माग काढावा, शिवेवर तो शेजारगांवच्या जागल्याच्या हवालीं करावा, आणि जेथें माग मोडेल त्या गांवानें भरपाई द्यावी, अशी रीत होती. एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत ती नमूद केली आहे. दंडापेक्षां धन्याचा बैल परत मिळणें हें तींत मुख्य.

इंग्लंडांतील कायद्याची दृष्टि निराळी. तेथें घोडा, मेंढी किंवा गुरूं चोरल्यास १८३२ पर्यंत फांशी सांगितलेली असे. प्रत्यक्षांत पुष्कळांस ऑस्ट्रेलियास धाडीत. १७८८ पासून १८६८ पर्यंत सुमारें १,६०,००० बंदिवान तिकडे गेले. हिंदुस्थानांत शिक्षा झालेले गोरे शिपाईहि ऑस्ट्रेलियासच जात. एतद्देशीयांस मात्र पिनांग, मलाक्का, सिंगापूर, मॉरिशस हीं ठिकाणें होतीं. डार्विन १८३६ सालीं मॉरिशसला उतरला तेव्हां तेथें सुमारें ८०० हिंदी बंदिवान सरकारी कामांवर असल्याचें त्यानें लिहिलें आहे. उलट चिनी व मलायी कैदी इकडे महाबळेश्वरास आणून ठेवले होते! अंदमानची वसाहत १८५८ ची. म्हणून त्यापूर्वींच्या कागदांतील ‘काळें पाणी’ म्हणजे अंदमान असें समजूं नये.

१८६० च्या दंडसंहितेंत साध्या चोरीस फार तर तीन वर्षें कैद होती. परंतु पांच वा अधिक माणसांनीं मिळून जबरीनें गुरें हांकून नेल्यास तो दरोडा ठरे, आणि त्यास जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा देतां येई. ही शिक्षा १९५५ च्या दुरुस्तीनें गेली.

उमाजी नाइकास १८३२ सालीं पुण्यास फांशी झाली. सरकारी कागदांत तो दरोडेखोरच. तेव्हां एखाद्या यादींत नुसता ‘चोर’ शब्द आढळल्यास तेवढ्यावर निर्णय करूं नये. आरोपी किती, जबरी झाली कीं नाहीं, मुलूख कंपनीचा कीं पंतसचिवांचा, हें आधीं पाहावें. आणि असे रुमाल रद्दींत घालण्यापूर्वीं त्यांतील नांवें तरी उतरून घ्यावीं.