पायावरचा खळगा

आम्ही मूळचे खानदेशातले, आता घर बमरोलीत. हे लूमवर बारा-बारा तास उभे. पाय सुजायचे, आम्ही म्हणायचो, उभं राहून सुजले. गुडघे दुखले की दुकानातून गोळी. एकदा सकाळीच चप्पल पायात जाईना. नडगीवर बोट दाबलं, खळगा तसाच राहिला. लघवीला फेस येतो, हेही तेव्हाच सांगितलं. पुरुष माणसं असलं कधी वेळेवर बोलतात?

लघवीतलं अल्ब्युमिन एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमच्या आत हवं. यांचं 300च्या वर. डॉक्टर म्हणाले, किडनीची चाळणी सैल झाली की रक्तातलं प्रथिन वाहून जातं, आणि मीठ मात्र शरीरातच अडकतं. मिठाबरोबर पाणी राहतं, ते पायात उतरतं. दुखण्याच्या गोळ्या बंद, बीपीची सुरू. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, सगळं धरून. खानदेशी घरात हे सोपं नाही हो! पापड, लोणचं, ठेचा, शेवभाजी... भाकरी अळणी खातात आता, कुरकुरत.

रोज सकाळी चहाआधी वजन करतात, मी वहीत लिहिते. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी. लगेच डॉक्टरांना फोन करायचा. काल 61 भरलं, आजही 61. पुढची लघवीची तपासणी महिन्याअखेर आहे.