अडीच एमएम म्हणजे किती गेज?

सोलरचा इन्व्हर्टर घरी येतो, सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं : '१० एडब्ल्यूजी वायर वापरा.' दुकानात मात्र दीड, अडीच, चार, सहा अशा एमएमच्या वायरी. मग मोबाइलवर एखादा तक्ता सापडतो आणि त्यातला आकडा दुकानदाराला सांगितला जातो. वायर एकदा पाइपात गेली की पुढची वीस-पंचवीस वर्षं तिच्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून हे गैरसमज वायर कापून घेण्याआधीच दूर झालेले बरे.

गैरसमज : अडीच एमएमची वायर म्हणजे अडीच मिलिमीटर जाडीची वायर.

वायरमन बोलण्याच्या ओघात 'स्क्वेअर' हा शब्द गाळतात, तिथे घोळ सुरू होतो. अडीच हे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ आहे, चौरस मिलिमीटरमध्ये. एकसंध तार असेल तर तिचा व्यास फक्त १.७८ मिमी भरतो. आता अमेरिकन गेजचा, म्हणजे एडब्ल्यूजीचा, तक्ता पाहा. १० गेजपुढे व्यास लिहिलेला असतो २.५९ मिमी. तो वाचून कोणी 'अडीचची द्या' म्हटलं, तर लागणाऱ्या ५.२६ चौरस मिमीऐवजी निम्म्याहून कमी तांबं हाती येतं. तेवढाच प्रवाह त्यातून गेला तर दर मीटरला दुपटीहून जास्त उष्णता निर्माण होते. या साऱ्या गोंधळात मला सर्वांत धोकादायक वाटते ती हीच चूक, कारण दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसतात आणि शंकाच येत नाही.

गैरसमज : नंबर मोठा तशी वायर जाड.

नेमकं उलट. अमेरिकन गेजमध्ये ३६ नंबरची तार ०.१२७ मिमीची, तर चार शून्यांची (०००० किंवा ४/०) ११.६८ मिमीची. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथल्या ब्राउन अँड शार्प या मापन-उपकरणं बनवणाऱ्या कंपनीने १८५७ मध्ये ही मापं बसवली. दोन टोकांमधल्या ३९ पायऱ्या त्यांनी समान गुणोत्तराने पाडल्या. प्रत्येक पायरीला व्यास सुमारे १.१२३ पट होतो. या शिस्तीमुळे तक्ता पाठ करावा लागत नाही. नंबर तीनने उतरला की तांबं दुप्पट, सहाने उतरला की व्यास दुप्पट, दहाने उतरला की क्षेत्रफळ दहापट. १० गेज म्हणजे ५.२६ चौरस मिमी एवढंच लक्षात ठेवा. मग १३ गेज त्याच्या निम्मं, २० गेज सुमारे ०.५२ आणि शून्य गेज ५३ च्या आसपास, हे तोंडी निघतं.

गैरसमज : प्रत्येक एमएमला जोडीचा एक गेज असतोच.

०.५, ०.७५, १, १.५, २.५, ४, ६, १०, १६ ही मेट्रिक मालिका वेगळ्या विचाराने आखलेली आहे. तिचा कोणताही आकडा अमेरिकन पायरीवर तंतोतंत बसत नाही. १४ गेज म्हणजे २.०८ चौरस मिमी, १२ गेज म्हणजे ३.३१. तक्ते मात्र १४ पुढे २.५ आणि १२ पुढे ४ लिहून मोकळे होतात. अमेरिकन आकड्याला मेट्रिक वायर शोधताना हे बरोबर आहे, कारण थोडं तांबं जास्तच मिळतं. तोच तक्ता उलट वाचला, म्हणजे अडीचच्या जागी १४ किंवा चारच्या जागी १२ गेज घातली, तर सुमारे १७ टक्के तांबं कमी होतं. तेव्हा कोणत्या बाजूने निघालो आहोत ते आधी ठरवावं आणि नेहमी जास्त तांब्याकडे सरकावं. १० गेज मागितली असेल तर चार नको, सहा घ्या. बॅटरीसाठी ४ गेज (२१.२ चौरस मिमी) लिहिलं असेल तर १६ नको, २५ घ्या.

गैरसमज : गेज म्हणजे गेज, अमेरिकन काय नि आपला काय.

आपल्याकडे अर्थिंगला 'आठ नंबरची जीआय' म्हणतात तो ब्रिटिश एसडब्ल्यूजी, १८८४ मध्ये ब्रिटनने कायद्याने स्वीकारलेला. जुन्या वाड्यांतली तीन-बावीस, सात-वीस ही मापंही त्यातलीच : तीन तारा २२ गेजच्या, सात तारा २० गेजच्या. ब्रिटिश ८ नंबर ४.०६ मिमीचा, अमेरिकन ८ नंबर ३.२६ मिमीचा. क्षेत्रफळात १३ विरुद्ध ८.४, म्हणजे फरक मोठा आहे. मोटार रिवाइंड करायला देताना गेज कोणता, हे स्पष्ट सांगायलाच हवं.

गैरसमज : माप जुळलं की अँपिअरही जुळले.

अमेरिकन घरांत तांब्याच्या १४ गेजला १५, १२ ला २० आणि १० ला ३० अँपिअरची मर्यादा असते. ती तिथल्या नियमांतली आहे, धातूवर कोरलेली नाही. आवरण किती तापमान सोसतं, एका पाइपात किती वायरी आहेत, भोवतालची हवा किती तापते, यावर क्षमता ठरते. हवेतल्या वायरींच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यांत ही हवा ३० अंशांची धरलेली असते. मे महिन्यात विदर्भातल्या पत्र्याखाली ती किती असते, हे सांगायला नको.

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या मल्टिप्लगची गोष्टही तशीच. त्याची १४ गेज वायर पुरेशी असेलही. पण आतला सर्ज रोखणारा भाग १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो.

आणि हे सगळे आकडे तांब्याचे आहेत. अ‍ॅल्युमिनियमला त्याच कामासाठी सुमारे १.६ पट छेद लागतो. वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशा वायरीही विकल्या जातात, वरून त्या तांब्याच्याच दिसतात. वायर घेताना एक तंतू ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरा धातू दिसला तर ती कितीही स्वस्त असली तरी परत करा.