राग दोरीच्या आत, राग दोरीच्या बाहेर
लेखमाला : मैदान आणि माणसं – लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण पंचांबद्दल बोललो. आज त्यांच्या अंगावर धावून जाणाऱ्यांबद्दल, म्हणजे मॅनेजर आणि कोच मंडळींबद्दल.

भडकण्याची कला खरी वाढली ती अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये. बाल्टिमोर ओरिओल्सचा अर्ल वीव्हर पंचाशी भांडायला निघाला की टोपी उलटी फिरवायचा, म्हणजे टोपीचा पुढचा भाग मध्ये न येता पंचाच्या नाकाला नाक भिडवता यावं. नव्वदहून अधिक वेळा त्याला मैदानाबाहेर काढलं गेलं. अटलांटाच्या बॉबी कॉक्सने तर दीडशेचा आकडा ओलांडला. सिनसिनाटीच्या लू पिनिएलाने १९९० साली बेसच उपटून भिरकावला, आणि त्याच वर्षी त्याचा संघ विजेता ठरला. न्यूयॉर्क मेट्सचा बॉबी व्हॅलेंटाइन १९९९ मध्ये हकालपट्टीनंतर खोट्या मिशा आणि काळा चष्मा लावून डगआउटमध्ये परतला. कॅमेऱ्याने पकडल्यावर दंड झाला तो वेगळाच.

हे सगळे काही डोकं फिरलेले लोक नव्हते. बेसबॉलचा मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालतो आणि नियमांच्या चौकटीत राहून त्याला मैदानात येऊन पंचांशी बोलता येतं. खेळाडू तापला आणि बाहेर काढला गेला, तर संघाचं नुकसान. म्हणून मॅनेजर धावत येतो, खेळाडूला मागे ढकलतो आणि शिक्षा स्वतःवर ओढवून घेतो. पुष्कळदा हा राग हिशेबाचा असतो.

क्रिकेटमध्ये मॅनेजरची जागा सीमारेषेबाहेर, आणि आत जे काही बोलायचं ते कर्णधाराने. त्यामुळे आपल्याकडे भूमिका नेमक्या उलट झाल्या. फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. ऑस्ट्रेलियाच्या लिलीच्या चेंडूवर पंच रेक्स व्हाइटहेड यांनी भारतीय कर्णधार सुनील गावसकरांना पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला होता, असं गावसकरांचं म्हणणं. परतताना शेरेबाजी कानावर आली आणि कर्णधाराने जोडीदार चेतन चौहानलाही आपल्याबरोबर बाहेर चालवलं. सीमारेषेवर उभे होते मॅनेजर शाहिद दुर्राणी आणि सहाय्यक मॅनेजर बापू नाडकर्णी. त्यांनी चौहानला तिथेच थोपवून परत पाठवलं. तो बाहेर आला असता तर सामनाच सोडून देण्याची वेळ आली असती. पुढे १४३ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलिया ८३ धावांत गारद झाली आणि भारताने ती कसोटी ५९ धावांनी जिंकली. बेसबॉलमध्ये आग लावणाऱ्याचं जे पद, त्याच पदावरच्या माणसांनी इथे आग विझवली.

सीमारेषेची ती दोरी ओलांडली तर काय होतं, हे प्रवीण आमरे यांना विचारा. २२ एप्रिल २०२२, वानखेडे. दिल्ली कॅपिटल्सला राजस्थानविरुद्ध शेवटच्या षटकात ३६ धावा हव्या होत्या. रोव्हमन पॉवेलने पहिल्या तिन्ही चेंडूंवर षटकार मारले. तिसरा फुलटॉस कमरेच्या वर होता, नो-बॉल द्या, असा दिल्लीच्या डगआउटचा आग्रह. कर्णधार ऋषभ पंत फलंदाजांना बाहेर बोलावू लागला आणि सहाय्यक कोच आमरे थेट मैदानात शिरले. पंचांनी निर्णय बदलला नाही. दिल्ली १५ धावांनी हरली. आमरेंची पूर्ण मॅच फी कापली गेली, वर एका सामन्याची बंदी. वीव्हरने हेच केलं असतं तर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

आपल्या बेलपाड्यापासून उरणपर्यंतच्या गावागावांतल्या टेनिस क्रिकेटला मात्र ही दोरी फारशी माहीत नाही. रनआउटवरून वाद पेटला की संघाचा मॅनेजर, मालक, राखीव खेळाडू, सगळे खेळपट्टीवर. समालोचक माइकवरून ‘कमिटीचा निर्णय अंतिम राहील’ असं बजावत राहतो आणि सामना दहा मिनिटं खोळंबतो. बेसबॉलचा मॅनेजर पाहून इथल्या कुणालाही नवल वाटणार नाही!

मोठ्या मैदानांवर आता या रागाला पूर्वीइतकी वाट ठेवलेली नाही. बेसबॉलमध्ये २०१४ पासून मॅनेजर बऱ्याच निर्णयांना आव्हान देऊन व्हिडिओ तपासायला लावू शकतो. आयपीएलनेही वानखेडेच्या प्रकारानंतर पुढच्याच वर्षी वाइड आणि नो-बॉलसाठी डीआरएस खुला केला. आरडाओरडा करून जे मिळत नव्हतं, ते हाताची खूण करून मागता येऊ लागलं.

मग राग जातो कुठे? ड्रेसिंग रूममध्ये. आणि याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारचंच. बेलपाड्याहून मेट्रोने बेलापूर गाठून लोकल पकडली की नेरूळ दुसरं स्टेशन, तिथलं डी. वाय. पाटील स्टेडियम. सुरुवात मात्र झाली इंदूरला. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे महिला विश्वचषकात भारताने हातातला सामना इंग्लंडला ४ धावांनी दिला. सलग तिसरा पराभव. कोच अमोल मुझुमदार यांनी त्यानंतर मुलींना चांगलंच सुनावलं. सर चिडले होते, पण ते मनापासून बोलतात म्हणून कुणी वाईट वाटून घेतलं नाही, असं हरमनप्रीत कौरने पुढे सांगितलं. त्यानंतर त्या स्पर्धेत भारत हरला नाही. नेरूळला न्यूझीलंडला हरवलं, उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार केल्या आणि २ नोव्हेंबरला त्याच मैदानात विश्वचषक उचलला. उपांत्य सामन्यात मुझुमदारांनी फळ्यावर एवढंच लिहिलं होतं की, त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी.

एकदा झापलं म्हणून विश्वचषक मिळतो, असं कुणी समजू नये. त्या झापण्यामागे दोन वर्षांचा शांतपणा होता, म्हणून त्याला वजन आलं. वीव्हरचा राग पंचाला ऐकवायचा होता, मुझुमदारांचा स्वतःच्या संघाला. पहिल्याची करमणूक जास्त. संघ घडवायला मात्र दुसराच कामी येतो.

पुढच्या लेखांकात : मॅच फीचा दंड ठरवणारा सामनाधिकारी नेमकं काय पाहतो?