दहाबारा माणसांची मंडळी

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा, या पाच तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांत ख्रिस्ती घरे थोडीच. चर्च असते ते बहुधा शहरगावी. पाळकसाहेबांना एका वेळी पाच-सात गावे सांभाळायची असतात. मग रविवारी किंवा एखाद्या रात्री कुणाच्या तरी ओसरीवर दहाबारा माणसे जमतात, गाणे होते, शास्त्रपाठ होतो, प्रार्थना होते. आणि एके दिवशी सगळे जण गावातल्या गुरुजींकडे किंवा बऱ्यापैकी वाचता येणाऱ्या एखाद्या बाईकडे पाहून म्हणतात, “आता तुम्हीच चालवा.” ते ‘तुम्ही’ म्हणजे आपण आहात असे समजून मी हे सांगतो आहे. आपण भजनी मंडळ किंवा बचतगट चालवीत असाल, तरी यातले बरेचसे आपल्या उपयोगी पडेल.

घरातली मंडळी ही काही नवी गोष्ट नाही. पहिल्या काळी ख्रिस्ती लोकांना मंदिरे नव्हतीच. अक्विला आणि प्रिस्किल्ला या तंबू करणाऱ्या नवराबायकोच्या घरी मंडळी जमे, नुंफा नावाच्या बाईच्या घरी जमे, असे उल्लेख पौलाच्या पत्रांत आहेत. पुढे इंग्लंडात 1742 साली ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी बारा-बारा जणांचे वर्ग पाडले. प्रत्येक वर्गाच्या पुढाऱ्याने दर आठवड्याला घरोघर जाऊन एकेक पेनी गोळा करायची, एवढेच ठरले होते. पण पेनी मागायला गेलेल्या पुढाऱ्याला घरातली हालहवाल कळू लागली. कोण आजारी आहे, कोण दारूला लागला आहे, कुठे भांडण आहे, हे दिसू लागले. वर्गणी बाजूला राहिली आणि विचारपूस हेच मुख्य काम झाले. यातून पहिला धडा घ्या. मंडळी एक तास बसते, पण पुढाऱ्याचे निम्मे काम आठवड्याच्या इतर सहा दिवसांत, लोकांच्या दारी होते.

आपल्याकडचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. परक्या वळणाची उपासना आपल्या माणसाच्या गळी उतरत नाही, हे त्यांनी ओळखले. अभंग, भजन, कीर्तन या आपल्याच रूपांत त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली आणि 1917 साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही होती. तेव्हा आपल्या ओसरीवर टाळ-मृदंग आला, सतरंजी आली, तर संकोच करू नका. वाचता न येणाऱ्या आजीलाही गाणे पाठ असते. तिला आधी गाऊ द्या.

आता बसण्याविषयी. शाळेसारख्या रांगा नकोत, गोल बसा. आपणही खुर्ची न घेता सतरंजीवरच बसा. बाया स्वयंपाकघराच्या दाराआड राहू नयेत, त्यांनाही गोलात जागा करा. वेळ गावाच्या कामाप्रमाणे ठरवा. हळद शिजवण्या-वाळवण्याच्या दिवसांत माणूस पहाटेपासून राबलेला असतो, तेव्हा बैठक आटोपशीर ठेवा. पौलासारखा थोर माणूस मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ही हकीकत आहे. तो वाचला, पण आपण बोध घ्यावा. एक तास म्हटले की एक तास.

शास्त्रपाठ कसा घ्यावा? नव्या पुढाऱ्याला वाटते, आपण प्रवचन दिले पाहिजे. तसे नाही. प्रवचन पाळकसाहेब देतील. आपण प्रश्न विचारायचे. समजा, लूकच्या 15 व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला घेतला. तो दोनदा वाचा, दुसऱ्यांदा वेगळ्या माणसाकडून. मग विचारा, “बाप जिवंत असताना धाकट्याने वाटणी मागितली. आपल्या गावात असे झाले तर लोक काय म्हणतील?” हा प्रश्न ऐकून न बोलणारा शेतकरीही बोलेल, कारण वाटणीचे दुखणे त्याला ठाऊक आहे. नंतर विचारा, “थोरला मुलगा घरात का शिरला नाही?” आणि शेवटी, “आपल्यापैकी कोण कुणाच्या दाराबाहेर उभा आहे?” तीन प्रश्न पुरे झाले. ज्याचे उत्तर नुसते ‘होय’ किंवा ‘नाही’ येते, तो प्रश्न टाळा.

प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. शिक्षकांना हे फार जड जाते! मुले दोन क्षण थांबली की आपण स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतो. इथे तसे करू नका. मनात सावकाश दहा अंक मोजा, कुणीतरी बोलेल. एखादे गृहस्थ फार बोलत असतील तर त्यांचा पाणउतारा करू नका. “काका, आपले ऐकले, आता वहिनींचे ऐकू या,” एवढे म्हणा. आपल्याला एखादे उत्तर येत नसेल, तर “मला ठाऊक नाही, पाळकसाहेबांना विचारून पुढच्या वेळी सांगतो,” असे सरळ सांगा. त्याने मान कमी होत नाही.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. समजा, प्रार्थनेच्या वेळी एखादी बाई रडत सांगते की नवरा मारतो, किंवा एखादा शेतकरी कर्जाचा आकडा बोलून दाखवतो. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पाणवठ्यावर किंवा पिठाच्या गिरणीत निघाली तर? ते माणूस पुन्हा येणार नाही. गावात चारच घरे असतील, तर त्याला दुसरी ओसरीही नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सर्वांसमक्ष ठरवा, की इथे बोललेले इथेच राहील. “अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याचे असे असे झाले,” या निमित्तानेही चहाडी होते. तीही थांबवा.

पण या नियमाला एक अपवाद आहे. जिवाला धोका असेल, कुणी जीव देण्याची भाषा करीत असेल, लेकराला किंवा बाईला मारहाण होत असेल, तर गुप्ततेची सबब चालणार नाही. त्या माणसाला एकटे सोडू नका, जाणत्याची मदत घ्या. मनाच्या त्रासासाठी सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण त्याला दवाखान्यातही न्या. औषध बंद करा, असे कुणालाही सांगू नका. वर्गणी जमत असेल तर दोघांनी मोजावी, वहीत लिहावी आणि वही सर्वांना दाखवावी.

पुढारीपण अंगात भिनू नये म्हणून आपल्याच जिल्ह्यातली एक कथा आठवा. नामदेवांचे जन्मगाव म्हणून नरसीला मान आहे. गोरोबा काकांच्या घरी संत जमले असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके थोपटले. इतर शांत राहिले, नामदेव रागावले, आणि मडके कच्चे ठरले. मग ते औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे शिकायला गेले, अशी कथा सांगतात. आपल्यालाही कुणी चूक दाखवली आणि राग आला, तर आपले मडके अजून भट्टीत जायचे आहे असे समजावे. विसोबांसारखे कुणी विचारायला असावे. पाळकसाहेब असोत, वडीलधारे असोत, महिन्यातून एकदा त्यांच्याशी बोलावे.

शेवटी एक सोपी परीक्षा सांगतो. चौथ्या बैठकीपासून गाणे एकाकडे, वाचन दुसऱ्याकडे, प्रश्न तिसऱ्याकडे द्या. चुकले तर चुकू द्या. दिवाळीनंतर काही कुटुंबे ऊसतोडीला जातात, गुरुजींची बदली होते, कुणी मुलाकडे शहरात जाते. आपणही एखाद्या रविवारी मुद्दाम मागे बसा, किंवा गावाला जा. परत आल्यावर विचारा, “बैठक झाली का?” “झाली, आणि आजींनी प्रश्न विचारले,” असे उत्तर आले, तर आपण मंडळी नीट चालविली असे समजा.