‘कधीच नाही’ आणि ‘कधीतरी नक्की’

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्ग वडसा सोडल्यावर वैनगंगेचा पूल ओलांडतो आणि ब्रह्मपुरीला येतो. नदीच्या एका काठाला गडचिरोली जिल्हा, दुसऱ्या काठाला चंद्रपूर. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातला हा नॅरोगेज मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. असा मार्ग एकेरी असला, म्हणजे रुळांची एकच जोडी असली, की एक जुनाच प्रश्न उभा राहतो. दोन्हीकडच्या गाड्यांनी एकाच वेळी पुलाकडे कूच केले तर?

रेल्वेने यावर शोधलेला उपाय फार सुंदर आहे. दोन्ही स्थानकांत एकमेकांशी तारेने जोडलेली दोन यंत्रे असतात आणि त्यांत धातूचे गोळे असतात. दुसऱ्या स्थानकाने संमती दिल्याशिवाय गोळा बाहेर येत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत कोणत्याच यंत्रातून दुसरा निघत नाही. कड्याला बांधलेल्या पिशवीतला तो गोळा हाती पडल्याशिवाय चालकाने गाडी हलवायची नाही. जुन्या एकेरी मार्गांवर प्रवास केलेल्या वाचकांनी फलाटावरचे ते कडे नक्कीच पाहिले असेल.

आज अनेक स्थानकांत सिग्नलांचे निर्णय संगणकावरचा प्रोग्रॅम घेतो. मग प्रश्न असा, की तो प्रोग्रॅम बरोबर आहे हे कसे ठरवायचे? महिनाभर चालवून पाहिला, काही वावगे घडले नाही, एवढ्यावर प्रवाशांचा जीव सोपवायचा का? त्याहीआधी ‘बरोबर’ म्हणजे काय, हे नेमके सांगता यायला हवे. संगणकशास्त्रज्ञांनी त्यासाठी ऑटोमॅटन नावाच्या एका साध्या काल्पनिक यंत्राचा आधार घेतला. ते समजायला संगणक लागत नाही, खडू पुरतो.

उदाहरणापुरते असे धरू, की वडसा आणि ब्रह्मपुरी यांच्यामध्ये एकेरी रूळ आहे आणि मध्ये कुठेही थांबा नाही. जमिनीवर तीन वर्तुळे काढा आणि त्यांना ‘रिकामा’, ‘व्यापलेला’ व ‘घात’ अशी नावे द्या. सोंगटी ‘रिकामा’ या वर्तुळात ठेवा. कोणत्याही बाजूने गाडी मार्गात शिरली की सोंगटी ‘व्यापलेला’मध्ये जाते आणि गाडी बाहेर पडली की परत येते. पण सोंगटी ‘व्यापलेला’मध्ये असताना आणखी एक गाडी शिरली, तर सोंगटी ‘घात’मध्ये पडते. तिथून परतीचा बाण नाही. झाले आपले ऑटोमॅटन! वर्तुळे म्हणजे अवस्था, बाण म्हणजे घटना. प्रोग्रॅमने घडवलेल्या घटना एकामागून एक वाचत जायच्या आणि सोंगटी कधीही ‘घात’मध्ये गेली नाही, तर तो प्रोग्रॅम या कसोटीला उतरला.

ही कसोटी पुरेशी आहे का? सिग्नल कायम लाल ठेवणारा प्रोग्रॅम घ्या. सोंगटी जन्मभर ‘रिकामा’मध्ये बसून राहील. कसोटीत पूर्ण गुण, पण वडशाचे प्रवासी फलाटावरच! म्हणून दुसरी अट हवी: थांबलेली गाडी कधी ना कधी सुटलीच पाहिजे. यासाठी दोनच वर्तुळे लागतात, ‘निवांत’ आणि ‘प्रतीक्षा’. गाडी वडशाच्या सिग्नलपाशी आली की सोंगटी ‘प्रतीक्षा’त जाते, गाडी सुटली की ‘निवांत’मध्ये येते. इथे वाईट वर्तुळ असे कोणतेच नाही. अट एवढीच, की सोंगटी ‘प्रतीक्षा’त कायमची अडकून पडता कामा नये, घटनांची मालिका न संपणारी असेल तर ‘निवांत’मध्येही तिचे येणे पुन:पुन्हा, अनंत वेळा झाले पाहिजे. न संपणाऱ्या मालिका अशा रीतीने वाचणाऱ्या यंत्रांचा विचार स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ब्यूखी या गणितज्ञाने १९६० च्या सुमारास केला. त्याला तर्कशास्त्रातला एक प्रश्न सोडवायचा होता, संगणकाचे प्रोग्रॅम त्याच्या डोळ्यांसमोर नव्हते.

पहिल्या प्रकारच्या गुणधर्माला सेफ्टी आणि दुसऱ्याला लाइव्हनेस म्हणतात. ही नावे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७७ साली वापरली. आपण त्यांना ‘कधीच नाही’ आणि ‘कधीतरी नक्की’ म्हणू. या दोहोंतला खरा फरक आमच्या मते शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावा असा आहे. ‘कधीच नाही’ मोडले, तर ते कोणत्या क्षणी मोडले यावर बोट ठेवता येते. ‘कधीतरी नक्की’ मात्र कितीही वेळ पाहत बसलो तरी मोडले असे म्हणता येत नाही. गाडी शंभर तास उभी आहे? एकशे एकाव्या तासाला सुटेल! वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाची चर्चा वर्षानुवर्षे ऐकलेल्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. उलट, ‘दहा मिनिटांत सुटेल’ असे म्हटले की वचनाची जातच बदलते. अकराव्या मिनिटाला ते खोटे ठरवता येते, म्हणजे ते ‘कधीच नाही’च्या गटात येते.

मग सगळे गुणधर्म या दोनच पेट्यांत बसतात का? नाही. ‘हिरवा दिवा लागेपर्यंत गाडी हलणार नाही आणि दिवा लागेलच’ या वाक्यात दोन्ही गोष्टी मिसळलेल्या आहेत. पण १९८५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या बोवेन आल्पर्न आणि फ्रेड श्नायडर यांनी असे सिद्ध केले, की कोणताही गुणधर्म घेतला तरी तो एक ‘कधीच नाही’ आणि एक ‘कधीतरी नक्की’ अशा दोन अटींत फोडता येतो. दोन वर्षांनी त्यांनी गुणधर्माची जात ऑटोमॅटनवरूनच ओळखायची रीतही दिली. ज्या वर्तुळात गेल्यावर यशाची आशाच उरत नाही, ती वर्तुळे पुसून टाका. उरलेली सगळी ‘चालतील’ म्हणून जाहीर करा. आता नवे यंत्र जुन्याइतक्याच मालिका मान्य करत असेल, तर गुणधर्म पहिल्या जातीचा. ते वाटेल त्या मालिकेला मान डोलवू लागले, तर दुसऱ्या जातीचा. आपल्या पहिल्या यंत्रातले ‘घात’ पुसा, काहीच फरक पडत नाही. दुसऱ्यातल्या ‘प्रतीक्षे’ला चालेल म्हणा, काहीही चालू लागते!

आता पुलाचे प्रोग्रॅम तपासू. पहिली सूचना: मार्ग रिकामा होताच ब्रह्मपुरीला गाडी उभी असेल तर ती आधी सोडा, नसेल तर वडशाची. टक्कर होणार नाही हे उघड आहे. पण वडशाला गाडी उभी असताना काय होऊ शकते पाहा. ब्रह्मपुरीची गाडी शिरते, ती मार्गात असतानाच तिच्यामागे दुसरी येऊन उभी राहते, पहिली बाहेर पडते, आणि आपण होतो तिथेच परत येतो. तीन घटनांचे हे चक्र कितीही वेळा फिरवता येते आणि त्यात वडशाची गाडी जागची हलत नाही. न संपणारी चूक अशी तीन बाणांत पकडता येते, कारण अवस्था मोजक्या आहेत: वडशाला गाडी आहे की नाही, ब्रह्मपुरीला आहे की नाही, मार्ग रिकामा की व्यापलेला, अशा एकूण आठ. आठच खोल्यांत अनंत काळ फिरायचे तर कुठेतरी चक्र होणारच. तपासणारा प्रोग्रॅम नेमके हेच चक्र शोधतो.

दुसरी सूचना बहुतेक मुले लगेच सुचवतात: आळीपाळीने सोडा. पण ब्रह्मपुरीची पाळी आहे आणि तिकडे गाडीच नाही, तर? वडसा पुन्हा अडकले. तिसरी सूचना अशी, की दोन्हीकडे गाड्या असतील तेव्हाच पाळी पाहायची, एकीकडेच असेल तर ती सोडायची. गेल्या खेपेला कोण गेले हे लक्षात ठेवल्याने अवस्था सोळा होतात. त्या सगळ्या कागदावर मांडल्या तर दिसते, की वडशाच्या गाडीला मार्गावर आधीच असलेली गाडी सोडून फार तर एका गाडीची वाट पाहावी लागते. अर्थात मार्गात शिरलेली गाडी बाहेर पडते, हे इथे गृहीत आहे. पुलावर इंजिन बंद पडले तर कोणतीच सूचना वडशाला सोडवू शकत नाही. गृहीतक असे उघड मांडावे लागते, हा या पद्धतीचा आम्हांला आवडणारा भाग आहे.

अडचण आहे ती संख्येची. प्रत्येक नव्या ‘आहे की नाही’मुळे अवस्था दुप्पट होतात. अशा वीस गोष्टी झाल्या की १०,४८,५७६. म्हणून हे काम संगणकाकडेच सोपवावे लागते, आणि तेही युक्तीने. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परितोष पंड्या यांनी तयार केलेले डीसीव्हॅलिड हे साधन वेळेसंबंधीच्या अटी घेऊन त्यांचे ऑटोमॅटनमध्ये रूपांतर करते.

वर्गात हे करून पाहायचे असेल तर पहिल्या सूचनेच्या आठ अवस्था आठ मुलांना वाटून द्या. प्रत्येकाच्या हातात आपल्या अवस्थेची पाटी आणि पुढे कुठे जाता येईल त्या मुलांची नावे. चेंडू बाणांप्रमाणेच द्यायचा. ब्रह्मपुरीकडून वाट्टेल तेव्हा गाड्या आणायची मुभा एका मुलाला द्या आणि वडशाची गाडी अडवून धरायला सांगा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या सूचनेच्या सोळा पाट्या करा आणि त्याला हे कोणत्या सूचनेत साधते, कोणत्या सूचनेत गाड्या आणून नव्हे तर न आणून साधते, ते मुलांनाच शोधू द्या.